पाचवी खोट

भिंगबाईंनी चहाचा कप खिडकीच्या उजेडात धरला, आधी डावीकडे फिरवला, मग उजवीकडे, खालून तळ पाहिला आणि मगच तोंडाला लावला. कप कालचाच होता. परवाही तोच होता. त्यात आजवर कधी काही निघालं नव्हतं.

"निघालं का काही?" समोर बसलेल्या धाकट्या बहिणीनं विचारलं.

"अजून नाही."

"मग पी आता. निवल्यावर म्हणशील, गार चहा दिलास."

भिंगबाई त्र्याहत्तरच्या, धाकटी अडुसष्टची. तिसऱ्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांत दोघींचा जन्म गेला. दोघींचं लग्न झालं नाही. थोरलीचं झालं नाही, कारण आई-वडील एकाच वर्षात गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि चौदा वर्षांची बहीण तिच्या पदरात होती. धाकटीचं का झालं नाही, ते पुढे येईलच. त्यात दडवण्यासारखं काही नाही, आणि कौतुक करण्यासारखं तर मुळीच नाही.

दोघी औषधाच्या बाटल्यांच्या कारखान्यात होत्या. भट्टीतून निघालेली बाटली निवत निवत पट्ट्यावरून सरकत यायची. पट्ट्याच्या मागे दुधी काचेचा पडदा, पडद्यामागे दिवे, आणि पुढे उंच स्टुलावर भिंगबाई. मिनिटाला साठ बाटल्या डोळ्यांपुढून जायच्या. बुडबुडा, केसाएवढी चीर, तळाशी राहिलेला खडा, वाकडी मान. काही दिसलं की बाटली उचलायची आणि बाजूच्या पन्हळीत सोडायची. खाली ती फुटायची, तिचा चुरा पुन्हा भट्टीत जायचा. जी बाटली चांगली तिच्याकडे बघायचं नसतं. ती आपली आपण पुढे जाते. एकतीस वर्षं रोज सात तास हे काम केलेल्या बाईला तुम्ही विचारा, आज किती चांगल्या बाटल्या पाहिल्यास? तिला सांगता येणार नाही. तिने त्या पाहिलेल्याच नसतात.

धाकटी त्याच पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, पॅकिंगला. खोक्यात चोवीस बाटल्या, मधे पुठ्ठ्याच्या उभ्या-आडव्या पट्ट्या. तिच्या हातात यायची ती पास झालेली बाटली. सव्वीस वर्षांत त्या बाईच्या हाताला वाईट बाटली म्हणून लागली नाही. लोक म्हणतात, माणसाचा स्वभाव जन्मतःच ठरलेला असतो. असेलही. पण निम्मं आयुष्य जे काम केलं, त्याने काहीच केलं नाही असं मला कुणी सांगू नये.

भिंगबाईंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती: चोर बाटल्या.

तपासणीवाली बाई जागी आहे की डोळे उघडे ठेवून झोपली आहे, हे कळावं म्हणून सुपरवायझर दर पाळीत पाच खोट्या बाटल्या गुपचूप प्रत्येकीच्या पट्ट्यावर सोडायचे. त्यांची खोट अशी बारीक असायची की सहजी दिसू नये, आणि तळाशी रंगाचा टाचणीएवढा ठिपका, तोही फक्त सुपरवायझरांना ठाऊक असलेल्या जागी. इतर नापास बाटल्या पन्हळीत जायच्या. पण ही चोर आहे असा संशय आला की ती बाटली वेगळ्या ताटलीत ठेवायची. पाळी संपली की सुपरवायझर ताटली घेऊन ठिपके बघायचे. कुणाच्या ताटलीत दोन सापडायच्या, कुणाच्या तीन. भिंगबाईंच्या ताटलीत रोज पाच. एकतीस वर्षं, एकही दिवस चार नाही. त्यासाठी कारखान्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. ते या खोलीत होतं आणि पाच मिनिटं मागे पडायचं, हेही भिंगबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

या डोळ्याने भलंही केलं, ते नाकारून चालणार नाही. एकदा बाटलीच्या आत काचेचा धाग्यासारखा पूल तयार झाला होता. औषध भरताना तो मोडला असता आणि कुठल्या तरी पोराच्या घशात गेला असता. भिंगबाईंनी ती उचलली. पण जे पोर वाचतं ते आभार मानायला येत नाही, कारण आपण वाचलो हेच त्याला माहीत नसतं. भिंगबाईंच्या हाती राहिली ती एक सवय: दर पाळीत पाच असतातच. दिसल्या नाहीत याचा अर्थ नाहीत असा नव्हे. आपलं लक्ष नव्हतं, असा.

कारखाना सुटला, सवय सुटली नाही. डॉक्टरांनी रक्त तपासून "सगळं उत्तम" म्हटलं तर त्या दुसऱ्या डॉक्टरकडे जायच्या. शेजारीण गोड बोलली की आठ दिवस तिला काय हवं असेल याचा विचार. एखादा दिवस बरा गेला, गुडघे दुखले नाहीत, ऊन छान पडलं, की त्या संध्याकाळी अस्वस्थ व्हायच्या.

"काय झालं गं ताई?"

"काही नाही झालं. तेच बघतेय."

आता खरोखरच झालं होतं ते गुडघ्यांचं. जिना उतरवेना. चार महिन्यांत त्यांचा पाय रस्त्याला लागला नव्हता. धाकटी भाजी आणायची, औषधं आणायची, वरखाली करून तिलाही धाप लागायची. आणि अशात लेबलवालीचं बोलावणं आलं.

लेबलवाली म्हणजे कारखान्यात लेबलं चिकटवायची ती. तिचं तळमजल्यावर तीन खोल्यांचं घर, मागे फरसबंद अंगण. दोन वर्षांपूर्वी नवरा गेला. तिने धाकटीला गाठून सांगितलं, "अगं, रिकाम्या घरात मला घास गिळवत नाही. तुम्ही दोघी या. मागची खोली तुमची. जिना नाही, काही नाही. येत्या रविवारपर्यंत हो की नाही ते सांग. नाहीतर पुतणीला विचारते, पण ती दिवसभर फोनवर बोलते, माझ्याशी कोण बोलणार?"

धाकटी उड्या मारायचीच बाकी होती. भिंगबाईंनी तिसऱ्या मजल्यावर बसूनच घर तपासलं. मागच्या भिंतीला ओल असणार. अंगणातलं पाणी तुंबणार. दार थेट रस्त्यावर, म्हणजे येणारा-जाणारा डोकावणार. लेबलवाली बोलून बोलून डोकं उठवणार.

"चार झाली," धाकटी म्हणाली. "पाचवं?"

"पाचवं काय?"

"तू नेहमी पाच काढतेस, ताई. तुझ्या ध्यानात नाही आलं कधी?"

पाचवं भिंगबाईंना सापडलं नव्हतं, म्हणून तर झोप येत नव्हती.

धाकटीच्या बोलण्यात एक काटा होता आणि तो चाळीस वर्षं जुना होता. तेव्हा भट्टीवरचा एक माणूस धाकटीला मागणी घालायला घरी आला होता. धाकटी सत्तावीसची. घरात वडीलधारं माणूस म्हणजे थोरली, ती बत्तीसची. धाकटीने तिच्यापुढे त्याला बसवलं आणि आतल्या खोलीत जाऊन दाराला कान लावला. तो गेल्यावर भिंगबाईंनी सांगितलं: डाव्या हातावर भाजल्याचा डाग आहे. मोठ्याने हसतो. भराभरा खातो. वेळेच्या आधी येऊन खाली उभा होता, म्हणजे गरजू आहे. इथवर धाकटी हसत होती. डाग भट्टीवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर असतो, हे दोघींनाही माहीत होतं. मग भिंगबाई तीन दिवस काही बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "त्याच्यात दुसरं काहीच वाईट दिसत नाही. म्हणजे काहीतरी लपवतोय."

धाकटी बहिणीच्या शब्दाबाहेर जाणारी नव्हती. आई-वडिलांच्या माघारी तिला वाढवलेला तो शब्द होता. तिने नाही सांगितलं. वर्षभराने भट्टीवाल्याने लेबलवालीशी लग्न केलं. धाकटीने त्या लग्नात वाढप केलं, हसून केलं. आणि आता ज्या घरात राहायला बोलावणं आलं होतं, ते घर त्याचं होतं.

शनिवारी कारखान्यात कार्यक्रम होता. काचेच्या बाटल्यांचं काम कायमचं बंद होणार होतं, म्हणून जुन्या माणसांना शेवटचं चहाला बोलावलं होतं. भिंगबाई जाणार नाहीत असं सगळ्यांनी धरलं होतं, म्हणून त्या गेल्या. दोन मजले एकेका पायरीवर बसत उतरल्या, तिसरा धाकटीच्या खांद्यावर. अर्धा तास लागला.

"अगं बाई! भिंगबाई जमिनीवर!" लेबलवाली फाटकातच ओरडली. "आता काही खरं नाही कारखान्याचं."

आत पट्टा थांबलेला. दुधी पडद्यामागचा एकच दिवा चालू होता, कुणीतरी गंमत म्हणून लावलेला. भिंगबाईंचं स्टूल तिथेच होतं. त्यांनी नुसता हात लावून पाहिला. एक पाय डुगडुगत होता. पूर्वीही डुगडुगायचा.

सुपरवायझर चौऱ्याऐंशीचे झाले होते. कानात यंत्र, हातात बिस्कीट. त्यांना बोलायला उभं केलं तर ते म्हणाले, मी बसूनच बोलतो, आणि बसून फार बोलले. कोण कसं झोपायचं, कोण डब्यातलं कुणाचं खायचं, सगळं निघालं. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी. मग ते भिंगबाईंकडे वळले.

"आणि या. यांच्या ताटलीत रोज पाच. पण तुम्हाला एक सांगू का बाई? आता माझी नोकरी कुणी काढून घेत नाही. एकदा माझी बायको दवाखान्यात होती. सहा दिवस मी चोर बाटल्या सोडायच्या विसरलो. साफ विसरलो. बाकीच्या बाया रिकामी ताटली घेऊन रडकुंडीला आल्या, साहेब आज एकही नाही सापडली. मी आपला गप्प. काय सांगणार? आणि तुमच्या ताटलीत रोज पाच! मी तळ बघतो तर ठिपका नाही. उजेडात धरतो तर बाटली स्वच्छ. सहा दिवस, तीस बाटल्या. सगळ्या धडधाकट! मी मुकाट्याने पाचपैकी पाच लिहिलं, दुसरं काय करणार?"

हसण्याची एक लाट उठली. लेबलवालीने तर टाळी वाजवली. धाकटीही हसली आणि मग तिचं हसू मधेच थांबलं.

"साहेब, कोणतं वर्ष हे?"

"मोठी भट्टी पाडून नवी बांधली ना, त्याच्या आगेमागे."

धाकटीने बहिणीकडे पाहिलं. नव्या भट्टीवर नेमलेला माणूस त्याच सुमाराला वेळेआधी येऊन त्यांच्या घराखाली उभा राहिला होता.

भिंगबाई ताठ बसल्या होत्या. "त्या तीस बाटल्यांत खोट होती," त्या म्हणाल्या. "तुम्हाला दिसली नाही."

"अहो बाई, मी स्वतः..."

"तुमचं लक्ष दवाखान्यात होतं. माझं बाटलीवर होतं."

कुणी हसलं नाही. सुपरवायझरांनी बिस्कीट चहात बुडवलं, ते तुटून आत पडलं आणि ते चमच्याने काढत बसले. म्हाताऱ्या माणसाला चार लोकांत असं तोंडावर पाडायची काही गरज होती का? नव्हती. पण भिंगबाईंना तरी दुसरं काय करता येणार होतं? तीस बाटल्या चांगल्या होत्या असं एकदा म्हटलं की मग मोजणी तिथे थांबत नाही.

बाहेर आल्यावर धाकटी म्हणाली, "उतरलीच आहेस तर घर बघून घे. दोन गल्ल्या तर आहेत. ताई, एकदाच. माझ्यासाठी."

तिने आजवर "माझ्यासाठी" म्हणून काही मागितलं नव्हतं. भिंगबाई गेल्या.

मागच्या खोलीला ओल नव्हती. त्यांनी तळहात टेकवून पाहिला, नखाने रंग खरवडून पाहिला. अंगणाला उतार होता, पाणी तुंबायचं कारण नव्हतं. दार रस्त्यावर होतं खरं, पण आत आडवी भिंत होती. लेबलवाली स्वयंपाकघरात चहा करत होती आणि बोलत होती, पण तिथलं बोलणं मागच्या खोलीत ऐकू येत नव्हतं. दोन पलंग. दोन्हींवर धुतलेल्या चादरी. आणि खिडकीपाशी एक खुर्ची.

"बस ना," धाकटी म्हणाली.

भिंगबाई बसल्या, आणि गुडघ्यांतून एवढासा आवाजही आला नाही. खुर्ची उंच होती. पाय अलगद टेकत होते, पाठ टेकत होती. उठून पाहिलं, तर हातांनी रेटा न देता उठता आलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. त्या पुन्हा बसल्या. अंगणातलं ऊन मांडीपर्यंत येत होतं. क्षणभर, खरंच क्षणभर, त्यांच्या तोंडावर असं काही आलं की धाकटीने श्वास रोखून धरला.

मग डोळे हलायला लागले. भिंत. छत. खिडकीचा कोपरा. चादरीची कड. धाकटीला ते डोळे ओळखीचे होते.

"ही खुर्ची एवढी उंच कशी?" भिंगबाईंनी विचारलं.

"सुताराकडून पाय जोडून घेतले. तुमच्यासाठीच," चहा घेऊन येत लेबलवाली म्हणाली. "कसं बरोबर जमलं, नाही?"

"माझं माप कुठून मिळालं?"

"धाकटीने दिलं ना. तुम्ही झोपलेल्या असताना दोरीने मोजलं म्हणे." लेबलवाली हसायला लागली.

भिंगबाई उभ्या राहिल्या. "म्हणजे माझ्या मागे तुमचं सगळं ठरलेलं होतं. मला फक्त नाचवत आणायचं होतं. कशाला पण? मी बोलले होते तुझ्या नवऱ्याबद्दल, त्याचा सूड घ्यायला?"

लेबलवालीने कपबशी खाली ठेवली. तिला राग आला नाही, हेच वाईट झालं. "सूड कशाचा हो? तुम्ही नापास केलेली बाटली मी अडतीस वर्षं वापरली. एक थेंब गळली नाही. मी तर तुमचे पाय धरायला हवेत."

ती हे चांगल्या मनाने म्हणाली. भिंतीवर भट्टीवाल्याचा फोटो होता, तोंड उघडून हसत असलेला; फोटोतूनही मोठ्याने हसतोय असं वाटावं. धाकटी त्या फोटोकडे बघत राहिली. आपल्या हाताने भरून बंद केलेलं खोकं दुसऱ्याच्या घरी उघडलेलं बघावं, तशी.

"सापडली पाचवी?" तिने फोटोवरची नजर न काढता विचारलं.

"चल घरी," भिंगबाई म्हणाल्या.

"मी तुला सोडायला येते. राहायला नाही येत."

"तू आज रागात आहेस."

"नाही गं ताई. राग यायला हवा होता, तो तेव्हा आला नाही. आता काय उपयोग त्याचा? त्या माणसात काही नव्हतं ना? एवढं सांग. तू म्हण की नव्हतं, मी आत्ता तुझ्याबरोबर वर येते आणि मरेपर्यंत खाली उतरत नाही."

एवढं सोपं होतं. दोन शब्द. लेबलवालीही दाराला धरून उभी राहिली, तोंडातून अवाक्षर न काढता, म्हणजे बघा. भिंगबाईंनी फोटोकडे पाहिलं. डाव्या हातावरचा डाग फोटोत दिसत नव्हता. त्यांनी जीव तोडून शोधलं, आणि त्यांचा स्वतःचा आवाज त्यांना ऐकू आला:

"फोटोत काय कळतं?"

रविवारी धाकटीने सामान भरलं. चोवीस कप-बशा होत्या, त्यांतल्या बारा तिने बारा वेगळ्या कागदांत गुंडाळून खोक्यात उभ्या-आडव्या पुठ्ठ्यांमधे बसवल्या. खोकं हलवून पाहिलं. आवाज आला नाही. भिंगबाई पलंगावर बसून म्हणत होत्या, तिथे तुला करमायचं नाही, ती दोन महिन्यांत तुला मोलकरीण करेल, पावसात रस्त्याचा चिखल आत येईल. धाकटी प्रत्येकाला "हो" म्हणत होती. भांडायला तिने आयुष्यात कधी शिकून घेतलं नाही.

आता ती मंगळवारी आणि शुक्रवारी येते, भाजी आणते, औषधं लावून ठेवते. गालावर जरा मांस आलंय. भिंगबाई टोमॅटो उजेडात धरून बघतात. "कसं आहे तिथे?" विचारतात. "छान आहे," धाकटी म्हणते. भिंगबाई तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहतात, आणि ते दिसत नाही, आणि पुढच्या खेपेपर्यंतचे दिवस त्या त्यावर काढतात.

दुसऱ्या महिन्यात लेबलवालीने ती खुर्ची दोन हमालांकरवी तिसऱ्या मजल्यावर पाठवून दिली. सोबत निरोप होता: आमच्या दोघींचे पाय त्या खुर्चीवरून लोंबकळतात, तुम्हीच बसा. भिंगबाई चार दिवस बसल्या नाहीत. पाचव्या दिवशी शेजारीण दुधाची पिशवी द्यायला आली तेव्हा त्या खुर्चीत होत्या, ऊन मांडीवर, हात मांडीवर.

"अगबाई, नवी खुर्ची! बसायला बरी आहे का?"

"फार छान आहे," भिंगबाई म्हणाल्या. "गुडघे दुखतच नाहीत."

"मग झालं की!"

"तेच तर." भिंगबाई उठल्या. हातांचा रेटा न देता उठल्या. "जरा हात लावा. उलटी करून खालून बघू."